शिलेखान्यातली बंबाची खोली

अमेरिकेच्या पूर्व भागात पोटोमॅक आणि शेनंडोआ या दोन नद्यांचा संगम आहे. संगमाच्या टोकावर, डोंगरांच्या कुशीत आणि पाण्याच्या काठावर, हार्पर्स फेरी नावाचे गाव वसले आहे. राजधानी वॉशिंग्टनपासून ते साधारण शंभर किलोमीटरवर आहे. आज गावची वस्ती तीनशेही भरत नाही. आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडी म्हणतात.

या गावात विटांची एक बैठी इमारत आहे. साडेपस्तीस फूट लांब, चोवीस फूट रुंद. पुढे तीन मोठे दरवाजे, वर पाटीच्या दगडाचे छप्पर आणि माथ्यावर एक छोटा मनोरा. वास्तुकलेच्या दृष्टीने तिच्यात पाहण्यासारखे फारसे काही नाही. बंदुकांच्या सरकारी कारखान्यात आगीचा बंब ठेवायला आणि पहारेकऱ्यांना बसायला ही खोली १८४८ साली बांधली होती. पण हा भलामोठा कारखाना जळाला, पडला, पुरात वाहून गेला आणि ही बंबाची खोली मात्र राहिली. ती का राहिली, कोणी राखली आणि तिच्यावर पाटी कोणाच्या नावाची लावायची यावरून किती वर्षे वाद झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

कारखाना कसा उभा राहिला

आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत शस्त्रे ठेवण्याच्या जागेला 'शिलेखाना' म्हटलेले आढळते. 'सिलाह' म्हणजे हत्यार हा अरबी शब्द आणि 'खाना' हा फारसी. दोन्ही मिळून हा शब्द मराठीत रुळला. हार्पर्स फेरीला शस्त्रे साठवण्याचे कोठार होते आणि शस्त्रे घडवण्याचा कारखानाही होता. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ही जागा निवडली. कारण उघड होते. दोन नद्यांच्या धारेवर पाणचक्क्या चालवता येत होत्या, आसपास लोखंड मिळत होते, कोळशासाठी जंगल होते आणि समुद्रापासून जागा दूर असल्यामुळे परक्या आरमाराची भीती नव्हती. १७९६ साली सरकारने जमीन घेतली आणि १७९९ साली बांधकाम सुरू झाले.

सुरुवातीला इथे पंचवीसेक कारागीर होते. पुढे त्यांची संख्या चारशेच्या वर गेली. त्यांनी साठ वर्षांत सहा लाखांवर बंदुका घडवल्या. त्या काळी प्रत्येक बंदूक हाताने घडवली जाई, त्यामुळे एका बंदुकीचा घोडा दुसऱ्या बंदुकीला बसत नसे. मोडली की तिच्या मापाचा सुटा भाग पुन्हा घडवावा लागे. जॉन हॉल नावाच्या कारागिराने इथेच १८२० च्या दशकात यंत्रांवर एकसारखे भाग कापण्याची पद्धत यशस्वी करून दाखवली. कोणत्याही बंदुकीचा भाग कोणत्याही बंदुकीला बसू लागला. आज आपण दुकानात जाऊन शिलाई मशीनचा किंवा मोटारसायकलचा सुटा भाग मागतो आणि तो नेमका बसतो. त्या व्यवस्थेच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी एक पायरी या छोट्या गावात आहे.

मात्र बंदुकांचे भाग एका मापाचे करणाऱ्या त्या देशात माणसांना एक माप नव्हते. हार्पर्स फेरी तेव्हा व्हर्जिनिया राज्यात होते आणि व्हर्जिनियात गुलामी कायदेशीर होती. १८६० च्या सुमारास अमेरिकेत जवळपास चाळीस लाख माणसे गुलाम होती. त्यांची खरेदी-विक्री होई. नवरा एका मालकाकडे, बायको दुसऱ्याकडे आणि लेकरे तिसऱ्याकडे, असे घर केव्हाही मोडले जाई. त्याविरुद्ध दाद मागायला कोर्टाचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडा नव्हता.

भाड्याच्या घरातली दोन मुली

१८५९ च्या उन्हाळ्यात हार्पर्स फेरीपासून सुमारे पाच मैलांवर, नदीपलीकडे मेरीलँड राज्यात, एका म्हाताऱ्याने एक शेतघर भाड्याने घेतले. लोकांना त्याने आपले नाव आयझॅक स्मिथ सांगितले होते. खरे नाव जॉन ब्राउन. जन्म १८०० सालचा, धंद्याने कातडी कमावणारा, मेंढपाळ, शेतकरी. व्यापारात अनेकदा बुडालेला आणि मोठ्या कुटुंबाचा बाप. तो स्वतः गोरा होता. गुलामी हा देवाच्या दरबारातला गुन्हा आहे आणि तो नुसत्या भाषणांनी संपणार नाही, अशी त्याची पक्की धारणा झाली होती.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी, १८५६ साली, कॅन्सस प्रांतात गुलामीचे समर्थक आणि विरोधक यांच्यात चकमकी चालू होत्या. तेव्हा त्याच्या टोळीने एका रात्री गुलामीच्या बाजूच्या पाच जणांना घरातून बाहेर काढून ठार मारले होते. त्यामुळे ब्राउनविषयी लिहिताना आजही इतिहासकारांचे एकमत होत नाही.

भाड्याच्या त्या घरात हळूहळू माणसे जमू लागली. पाच कृष्णवर्णीय आणि सोळा गोरे असे एकवीस जण ब्राउनच्या साथीला होते. त्यांत त्याचे तीन मुलगे होते. दिवसभर ही माणसे माळ्यावर लपून राहत. शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून ब्राउनने आपली पंधरा वर्षांची मुलगी ॲनी आणि सतरा वर्षांची सून मार्था यांना बोलावून घेतले. मार्था चूल सांभाळी. ॲनी ओसरीवर काही ना काही काम करत बसे आणि रस्त्यावर नजर ठेवी. एक शेजारीण वेळी-अवेळी डोकावायची. ती येताना दिसली की ॲनी आतल्यांना इशारा देई आणि जेवणाऱ्या माणसांची ताटे, बिछाने सगळे क्षणात माळ्यावर जाई. इतिहासाच्या पुस्तकात या दोन मुलींना एखादी ओळ मिळते. पण त्या नसत्या तर हा कट उन्हाळ्यातच उघडा पडला असता. सप्टेंबरअखेर दोघींना घरी पाठवण्यात आले. मार्था तेव्हा गरोदर होती. पुढे तिचा नवरा ऑलिव्हर हार्पर्स फेरीला मारला गेला आणि काही महिन्यांत तिचे बाळ व तीही गेली.

ब्राउनची योजना अशी होती की शस्त्रांचे कोठार ताब्यात घ्यायचे, आसपासच्या गुलामांना मुक्त करून त्यांना हत्यारे द्यायची आणि डोंगरांच्या आश्रयाने दक्षिणेकडे सरकायचे. कोठारात तेव्हा सुमारे एक लाख बंदुका होत्या. स्वतः गुलामीतून पळून आलेले आणि पुढे मोठे वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस यांना त्याने ऑगस्टमध्ये गुपचूप भेटून सोबत येण्याची विनंती केली. डग्लस यांनी नकार दिला. नद्या आणि डोंगर यांच्या मध्ये अडकलेल्या त्या गावात शिरणे म्हणजे पोलादी सापळ्यात पाय घालणे आहे, तिथून जिवंत परत येणे नाही, असे त्यांनी बजावले. ब्राउनने ऐकले नाही.

सोळा ऑक्टोबरची रात्र

रविवार, १६ ऑक्टोबर १८५९. रात्री ब्राउन अठरा जणांना घेऊन निघाला. तिघे मागे राखणीला राहिले. पूल, कारखाना आणि कोठार त्यांनी फारसा आवाज न करता ताब्यात घेतले. काही माणसे आसपासच्या जमीनदारांना ओलीस धरायला गेली. त्यांत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्यातले लुईस वॉशिंग्टन होते. त्यांच्या घरात राष्ट्राध्यक्षांची एक तलवार जपून ठेवलेली होती. ब्राउनने सांगून ठेवले होते की ती तलवार ऑस्बोर्न अँडरसन या कृष्णवर्णीय साथीदाराच्या हाती द्यायला लावायची. तसेच झाले.

मध्यरात्रीनंतर पश्चिमेकडून गाडी आली. स्टेशनवर हेवर्ड शेफर्ड नावाचा हमाल होता. तो कृष्णवर्णीय होता, पण गुलाम नव्हता, स्वतंत्र होता. काय चालले आहे ते पाहायला तो पुलाकडे गेला आणि ब्राउनच्या माणसांच्या गोळीने कोसळला. गुलामांच्या मुक्तीसाठी निघालेल्या त्या मोहिमेत पहिला जीव गेला तो एका स्वतंत्र, कष्टकरी, कृष्णवर्णीय माणसाचा. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावे.

पहाटे ब्राउनने गाडी पुढे जाऊ दिली. गाडीवाल्याने पुढच्या ठिकाणाहून तार केली आणि बातमी देशभर गेली. ब्राउनने हातात आलेली शस्त्रे घेऊन डोंगरात निघून जायला हवे होते. तो थांबून राहिला. गुलाम उठून येतील अशी त्याची अपेक्षा होती, पण त्यांना आधी काही कळवलेलेच नव्हते. सोमवारी सकाळपासून गावकरी आणि आसपासच्या पलटणी जमल्या. पूल परत घेतले गेले आणि डग्लस म्हणाले होते तसा सापळा बंद झाला.

त्या दिवशी पहिल्यांदा पडलेला ब्राउनचा माणूस होता डेंजरफील्ड न्यूबी. वय चाळीसच्या पुढे. तो स्वतः मुक्त झाला होता, पण बायको हॅरिएट आणि लेकरे व्हर्जिनियात गुलामीत होती. त्यांना सोडवण्यासाठी त्याने पैसे जमवायचा प्रयत्न केला होता, पण मालकाने मागितलेली रक्कम काही पुरी झाली नाही. त्याच्या मृतदेहाजवळ हॅरिएटची पत्रे सापडली. बाळ रांगायला लागले आहे, लवकर ये, मालकाला पैशांची गरज आहे आणि तो मला विकून टाकेल अशी भीती वाटते, असा त्यांचा मजकूर. न्यूबी गेल्यानंतर हॅरिएट आणि लेकरे दूर दक्षिणेत विकली गेली. ब्राउनच्या मनात काय होते याची चर्चा पुष्कळ होते. न्यूबी तिथे का गेला होता हे त्या पत्रांवरून कोणालाही समजते.

दुपारपर्यंत ब्राउनने उरलेली माणसे आणि निवडक ओलीस घेऊन बंबाच्या खोलीत आश्रय घेतला. दरवाजे आतून लावले. भिंतीत गोळीबारासाठी भोके पाडली. त्याचा मुलगा ऑलिव्हर याच खोलीत रक्त जाऊन मेला. दुसरा मुलगा वॉटसन हाही प्राणांतिक जखमी होता. बाहेर गावचे महापौर फाँटेन बेकहॅम हातात शस्त्र नसताना गोळी लागून गेले.

मंगळवारी, १८ ऑक्टोबरला सकाळी, सुमारे नव्वद मरीन सैनिक आले होते. त्यांच्यावर हुकूम होता कर्नल रॉबर्ट ली यांचा. सैनिकांनी घणांनी दार फोडायचा प्रयत्न केला, पण दार हलेना. मग तिथेच पडलेली एक जड शिडी उचलून ती दारावर आदळली. भगदाड पडले आणि तीनेक मिनिटांत सगळे संपले. ब्राउन तलवारीच्या वारांनी जखमी होऊन पकडला गेला. खोलीतले सगळे ओलीस मात्र सुखरूप बाहेर आले.

दोन दिवसांचा हिशेब असा. ब्राउनसह बावीस जणांपैकी दहा मारले गेले, पाच तिथेच आणि दोन नंतर पकडले गेले, पाच निसटले. पकडलेल्या सातही जणांना फाशी झाली. समोरच्या बाजूला चार नागरिक आणि एक मरीन सैनिक गेला. पाच कृष्णवर्णीय साथीदारांपैकी फक्त अँडरसन वाचला. १८६१ साली त्याने आपली हकीकत पुस्तकरूपाने छापली. आतून पाहिलेल्या माणसाने लिहिलेली ती मोलाची साक्ष आहे.

फाशी, युद्ध आणि राख

ब्राउनवरचा खटला जवळच्या चार्ल्स टाउनमध्ये चालला. जखमी असल्यामुळे तो खाटेवर पडूनच कामकाज ऐकत होता. २ नोव्हेंबरला शिक्षा झाली. कोर्टासमोर तो म्हणाला, हेच मी श्रीमंतांसाठी आणि सत्तावानांसाठी केले असते तर तुम्ही मला इनाम दिले असते. २ डिसेंबर १८५९ रोजी त्याला फाशी देण्यात आले. जाताना त्याने एक चिठ्ठी दिली. या देशाचा गुन्हा रक्ताशिवाय धुतला जाणार नाही, असा तिचा आशय होता. फाशीच्या मैदानावर बंदोबस्ताला असलेल्या शिपायांच्या रांगेत जॉन विल्क्स बूथ नावाचा एक नट उभा होता. साडेपाच वर्षांनी त्यानेच राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची हत्या केली.

दीड वर्षात यादवी युद्ध पेटले. १८ एप्रिल १८६१ च्या रात्री, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून, सरकारच्याच सैनिकांनी कारखाना आणि कोठार पेटवून दिले. सुमारे पंधरा हजार बंदुका जळाल्या. जी यंत्रे वाचली ती दक्षिणेच्या सैन्याने उचलून नेली. युद्धाच्या चार वर्षांत या गावाचा ताबा आठ वेळा बदलला. ज्या लीने बंबाची खोली सर केली होती, तोच आता गुलामी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेचा सेनापती झाला होता. युद्ध संपले, डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामी कायमची रद्द झाली. कारखान्याच्या आवारात तेव्हा नुसत्या पडक्या भिंती होत्या. शाबूत उभी होती ती बंबाची खोली.

अधिकाऱ्यांच्या बंगल्यात शाळा

माझ्यासारख्या शिक्षकाला या सगळ्या हकीकतीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग.

कारखान्याच्या वरच्या टेकडीवर अधिकाऱ्यांचे बंगले होते. युद्धाच्या काळात गुलामीतून सुटलेली शेकडो माणसे या गावात आश्रयाला आली होती. त्यांना अक्षर शिकवणे पूर्वी व्हर्जिनियात कायद्याने मना होते. १८६५ साली शस्त्र कारखान्याच्या खजिनदाराच्या मोडकळीस आलेल्या बंगल्यात त्यांच्यासाठी शाळा सुरू झाली. उत्तरेतल्या जॉन स्टोरर नावाच्या दानशूराने दहा हजार डॉलर देऊ केले, पण अटी घालून. तेवढीच रक्कम दुसरीकडून उभी करा आणि शाळा सर्वांना खुली ठेवा, रंग पाहू नका आणि मुलगा-मुलगी हा भेदही पाहू नका. त्यातून स्टोरर कॉलेज उभे राहिले. सरकारने टेकडीवरचे बंगले पुढे या संस्थेलाच दिले. सुरुवातीचे मुख्य काम होते शिक्षक घडवण्याचे. गुलामीत जन्मलेली मुले इथे शिकून शिक्षक झाली आणि खेड्यापाड्यांत शाळा चालवू लागली.

जिथे बंदुकांचा हिशेब ठेवला जाई, तिथे बाराखडी सुरू झाली. ब्राउनने शस्त्रांच्या कोठारातून जी मुक्ती काढू पाहिली, तिचे राहिलेले काम या शाळेने खडू-फळ्याने पुढे नेले. ३० मे १८८१ रोजी फ्रेडरिक डग्लस यांनी याच कॉलेजात जॉन ब्राउनवर भाषण केले. ब्राउनला फाशीपर्यंत नेणारे सरकारी वकील अँड्र्यू हंटर त्या वेळी व्यासपीठावर बसलेले होते आणि भाषणानंतर त्यांनी डग्लस यांचा हात हाती घेतला.

चार वेळा हललेली इमारत

बंबाच्या खोलीला लोक एव्हाना 'जॉन ब्राउनचा किल्ला' म्हणू लागले होते. येणारे-जाणारे आठवण म्हणून विटांचे तुकडे काढून नेत. १८९१ साली काही व्यापाऱ्यांनी ती विकत घेतली, वीट-वीट सुटी केली आणि शिकागोला नेली. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात तिकीट लावून दाखवायचा बेत होता. तिकीट होते पन्नास सेंट. दहा दिवसांत पाहायला आले अकरा जण. धंदा बुडाला आणि इमारत पुन्हा ढिगाऱ्यात गेली.

केट फील्ड नावाच्या एका महिला पत्रकाराने तिला घरी परत आणायची मोहीम उघडली. हार्पर्स फेरीजवळच्या एका शेतकऱ्याने एक डॉलरला पाच एकर जागा दिली, रेल्वे कंपनीने भाडे घेतले नाही आणि १८९५ साली खोली पुन्हा उभी राहिली. पण मूळ जागी नव्हे, कारण तिथे आता रेल्वेचा भराव पडला होता. ती उभी राहिली गावाबाहेर शेतात.

ऑगस्ट १९०६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या नेतृत्वाखाली नायगारा चळवळीचे अधिवेशन स्टोरर कॉलेजात भरले. गुलामी गेली होती, पण मतदान, शाळा, रेल्वेचा डबा, सगळीकडे कृष्णवर्णीयांना वेगळे काढले जात होते. त्याविरुद्ध ही चळवळ होती. एका पहाटे सुमारे शंभर स्त्री-पुरुष त्या शेताकडे चालत निघाले. जवळ पोचल्यावर त्यांनी पायांतले जोडे काढले आणि अनवाणी त्या खोलीपर्यंत गेले. कुठे जोडे काढायचे असतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. शिकागोतल्या तिकिटाच्या खोलीत आणि या पहाटेच्या खोलीत विटा त्याच होत्या, फरक होता पाहायला आलेल्या माणसांत.

१९०९ साली स्टोरर कॉलेजने ती इमारत विकत घेतली आणि आपल्या आवारात उभी केली. पुढची सुमारे पन्नास वर्षे ती एका गरीब कॉलेजाने सांभाळली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला रंगभेद बेकायदा ठरवला. त्यानंतर राज्याने कॉलेजची मदत बंद केली आणि १९५५ साली कॉलेज बंद पडले. १९६० साली राष्ट्रीय उद्यान विभागाने इमारत ताब्यात घेतली आणि १९६८ साली ती मूळ जागेपासून दीडशे फुटांवर आणून ठेवली. आज ती तिथेच आहे. एक गंमत अशी की या सगळ्या उचलठेवीत ती आरशात दिसावी तशी उलटी बांधली गेली आहे. डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे.

पाटीवर काय लिहायचे

इमारत उलटी बांधली तर ती पाहणाऱ्याला ओळखू येते. इतिहास उलटा बांधला तर ओळखणे कठीण जाते.

१९१८ साली स्टोररच्या माजी विद्यार्थ्यांनी या खोलीवर एक पाटी लावली. अमेरिकेच्या भूमीवरून गुलामी कायमची हटावी म्हणून जॉन ब्राउन आणि त्याच्या एकवीस माणसांनी आपले प्राण दिले, असा तिचा आशय. १९३१ साली दक्षिणेच्या सैनिकांच्या वारसांच्या संघटनांनी गावात दुसरे स्मारक उभे केले. ते होते हेवर्ड शेफर्डचे. पहिला बळी गेलेल्या निरपराध माणसाची आठवण ठेवायला कोणाचीच हरकत नसावी. पण दगडावरचा मजकूर वाचला की हेतू कळतो. त्यात मालकांशी इमानी राहिलेल्या कृष्णवर्णीयांचा गौरव होता. जणू ते गुलामीत सुखी होते आणि ब्राउनसारख्यांनी उगाच आग लावली. शेफर्ड स्वतः स्वतंत्र होता, मजुरी करून पोट भरत होता. मेल्यानंतर सत्तर वर्षांनी त्याच्या नावाने गुलामीची वकिली चालली होती.

त्या समारंभात स्टोरर कॉलेजच्या संगीत शिक्षिका पर्ल टॅटन मुलांचे गायन घेऊन आल्या होत्या. कॉलेजचे अध्यक्षही व्यासपीठावर होते. कार्यक्रमात बोलायला टॅटनबाईंचे नाव नव्हते. तरीही त्या उभ्या राहिल्या आणि सर्वांसमोर म्हणाल्या की मी अशा सैनिकाची मुलगी आहे जो माझ्या लोकांच्या मुक्तीसाठी लढला, आणि त्या लढ्याचा पहिला घाव जॉन ब्राउनने घातला. नोकरीत असलेल्या एका शिक्षिकेने आपल्या वरिष्ठांच्या समोर हे बोलायला केवढी हिंमत लागली असेल, याची कल्पना नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला येईल.

पुढच्याच वर्षी डु बॉइस यांनी ब्राउनच्या सन्मानार्थ दुसरी पाटी आणली. कॉलेजच्या चालकांना तिचा मजकूर फार कडक वाटला आणि त्यांनी ती लावू दिली नाही. ती पाटी अखेर २००६ साली, चौऱ्याहत्तर वर्षांनी, जुन्या कॉलेजच्या आवारात लागली. आज त्या गावात जाणारा माणूस हे सगळे दगड वाचू शकतो आणि कोण काय लपवत होते तेही समजू शकतो.

आपल्याकडचा धागा

या इतिहासाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त केले त्यांना. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. पुण्यात बसलेल्या माणसाला सातासमुद्रापलीकडचा तो लढा आपला वाटला. आणखी एक योगायोग पाहा. हार्पर्स फेरीला बंबाची खोली बांधली गेली ते १८४८ साल आणि पुण्यात फुले पती-पत्नींनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तेही १८४८ साल.

वर्गात हा विषय निघाला की मुले नेमके विचारतात, "सर, मग ब्राउन बरोबर होता की चूक?" मी त्यांना दोन नावे फळ्यावर लिहायला सांगतो, डेंजरफील्ड न्यूबी आणि हेवर्ड शेफर्ड. न्यूबीच्या बायकोची पत्रे वाचणाऱ्याला गुलामीशी तडजोड करा असे सांगता येत नाही. आणि शेफर्डचे प्रेत पाहणाऱ्याला बंदुकीने सगळे सुटते असे म्हणता येत नाही. जुल्म हा जुल्मच असतो, तो मोडायलाच हवा. पण तो मोडताना निरपराध माणसाच्या जिवाची किंमत शून्य धरली तर इन्साफाच्या तराजूचे दुसरे पारडे वर जाते. दोन्ही नावे फळ्यावर राहिली पाहिजेत. त्यांतले एक पुसून दुसरे ठेवणाऱ्या माणसापासून सावध राहायला मुलांना शिकवले, तर इतिहासाच्या तासाचे चीज झाले असे मी मानतो.

आपल्या तालुक्या-तालुक्यांतही जुनी गढी असते, बुरूज असतो, पडकी वेस असते, दारूगोळ्याची कोठी असते. तिथे कोणी पहारा दिला, कोणी तोफा ओतल्या, कोण कोणाशी लढले, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना थोडेफार माहीत असते. त्यांच्यामागे ते सांगणारा कोणी उरत नाही आणि मग ज्याला जे सोयीचे ते तो पाटीवर लिहितो. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन अशा एखाद्या जागी जावे. दादा-दादींना, नाना-नानींना सोबत न्यावे. ते सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे, ऐकीव काय आणि लेखी पुरावा कशाला आहे हे मुलांनाच वेगळे करायला लावावे. राजांची आणि सरदारांची नावे सहज मिळतील. सोबत पहारेकऱ्याचे, पाथरवटाचे, हमालाचे, त्यांच्या घरातल्या बायांचे काही सापडते का तेही शोधायला सांगावे.

हार्पर्स फेरीची ती खोली सरकारने किंवा व्यापाऱ्यांनी राखली नाही. त्यांनी ती विकली आणि तिकीट लावून दाखवली. ती राखली गुलामांच्या नातवंडांनी, शाळा-कॉलेजात शिकून, वर्गणी करून. सहा लाख बंदुका घडवणाऱ्या त्या कारखान्याचे आज नदीकाठी पायाचे दगड राहिले आहेत. शेजारी साडेपस्तीस बाय चोवीस फुटांची ती खोली उभी आहे.